कितीले पडला?

वरोऱ्याच्या आसपासच्या कोणत्याही तळ्याच्या पाळीवर चक्री लावलेली गरी घेऊन बसलात, तर मासा लागायच्या आधी माणूस लागतो. तो मोटरसायकल रस्त्यावरून खाली घेतो, स्टँड लावतो (म्हणजे घाई नाही), पाण्याकडे बघत नाही, तुमच्याकडेही बघत नाही. दांड्याच्या बुडापासून शेंड्यापर्यंत नजर फिरवतो आणि विचारतो, "कितीले पडला जी?"

विलायतेत गळाच्या मासेमारीवर ढिगाने पुस्तकं आहेत. त्यांत वारा, ढग, पाण्याचा रंग यांवर प्रकरणंच्या प्रकरणं सापडतात. एच. एस. थॉमस नावाच्या मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्याने तर १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' असं खास आपल्याकडच्या नद्यांवरच पुस्तक लिहिलं. पण थॉमससाहेबाला हा प्रश्न कोणी विचारला नसावा. साहेबाच्या काठीची किंमत विचारायची टाप कोणाची होती? आपल्याला मात्र सगळे विचारतात: गुराखी, पोस्टमन, लग्नाच्या वरातीतून लघुशंकेसाठी उतरलेला वऱ्हाडी, सगळे.

म्हणून माझं म्हणणं असं की दांडा आणि चक्री एकत्र विकतात त्या 'बजेट कॉम्बो'तलं बजेट खिशावरून ठरत नसतं, या प्रश्नाला द्यायच्या उत्तरावरून ठरतं. "पाच हजार" म्हणालात की विचारणारा जागच्या जागी भागाकार करतो. रोहू दोनशे रुपये किलो धरली तर पंचवीस किलो झाली, ती विकत आणून घरी पंख्याखाली बसून खाता आली असती, हेही तो सांगतो. "पाचशे" म्हणालात तर म्हणतो, "मंग तुटन." यात वाईट हे की ते बरोबर निघतं. त्यामुळे इकडच्या हौशी माणसाची गरी बाराशे ते दोन हजार या पट्ट्यात फिरते. एवढ्या रकमेत ऐकणारा आपल्याला वेडा म्हणत नाही आणि चिकटही म्हणत नाही. घरी सांगायची किंमत निराळी. ती खरीच्या निम्मी असते. खरी किंमत फक्त कुरिअरच्या पोराला ठाऊक असते, कारण पैसे त्याच्या हातात मोजून द्यावे लागतात.

आमचे भाऊजी वेकोलिच्या माजरीच्या कोळसा खाणीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. जन्मभर शिफ्टच्या भोंग्यावर चाललेल्या माणसाला सुटका झाल्या दिवशीच घड्याळ का देतात, हे मला कधी कळलेलं नाही. पुढचा महिना भाऊजी स्वयंपाकघरात उभे राहून ताईला कुकरची शिट्टी, गॅसचा रेग्युलेटर आणि मिक्सरचं भांडं यांच्या देखभालीवर मार्गदर्शन करत होते. शेवटी ताईचा फोन आला. "याइले कायच्या तरी नादी लाव बाबा, नाहीतर मी माहेरी येतो." ताईचं माहेर म्हणजे माझं घर. मी लगेच कामाला लागलो.

नाद भाऊजींनी स्वतःच सुचवला. त्यांचं लहानपण पाटाळ्याला गेलं. वर्धा नदीच्या पुलाखाली, शाळेच्या वेळात, बांबूची काठी आणि गांडुळांचा डबा घेऊन. आता त्यांना चक्रीवाली पाहिजे होती. "दीड हजारात चांगला कॉम्बो पाह्य," असा हुकूम सुटला. मोबाइलवर शोधायला बसलो, तर दीड हजारात एकशे एक कॉम्बो, आणि प्रत्येकाच्या फोटोत गोरा माणूस त्याच्या छातीएवढा मासा धरून हसत उभा.

कॉम्बो म्हणजे दांडा, चक्री, तंगूस आणि वर एका डबीत गळ, शिशाचे तुकडे, रबरी बेडूक, सगळं एका खोक्यात. हे कांदेपोहे न होता उरकलेलं लग्न असतं. वर आणि वधूची पहिली भेट गोदामात झालेली, पत्रिका कोणी पाहिलेली नाही, दोन्ही घरांना जागा रिकामी करायची घाई. त्यामुळे सहा फुटी किडकिडीत दांड्याच्या गळ्यात सहा हजार नंबरची आडदांड समुद्री चक्री पडते आणि उभं आयुष्य तो दांडा मुठीच्या बाजूला झुकून राहतो. उलटही होतं. भरभक्कम दांडा आणि त्याला बाहुलीच्या हाताएवढं हँडल असलेली हजार नंबरची चक्री. गोड्या पाण्यातल्या रोहू-मृगळासाठी सहा-सात फुटी मध्यम ताकदीचा दांडा आणि अडीच-तीन हजार नंबरची चक्री, ही जोडी नांदते. अर्थात हा नंबर म्हणजे चक्रीच्या मापाचा अंदाज. प्रत्येक कंपनीचा हजार आपापला असतो.

त्यानंतर बेअरिंग. एका चक्रीवर ठळक छापलं होतं, १२+१. मी भाऊजींना कौतुकाने वाचून दाखवलं. ज्या माणसाने पस्तीस वर्षं कन्व्हेअर बेल्टचे रोलर खोलले-बसवले, त्याच्यासमोर मी बेअरिंगचा आकडा वाचत होतो. ते नुसते हसले. "आकडा नोको सांगू. बेअरिंग दाखव." मग एका ओळखीच्याकडून तसली तेरा बेअरिंगांची चक्री पाहायला आणली. भाऊजींनी ती कानाशी धरली, हँडल हळूहळू फिरवलं, आणि डोळे मिटून म्हणाले, "यात एक चालू हाय, बाकीचे हजेरी लावून घरी गेले." त्यांचा निकाल असा की दोन-तीन बेअरिंग चांगली आणि धड बसवलेली असली तर चक्री लोण्यासारखी फिरते. तेरा असून हँडल डुगडुगत असेल तर त्या तेरांचं तेरावंच घालावं.

ड्रॅग म्हणजे काय हे समजावून सांगायची तयारी मी रात्री केली होती. मोठा मासा ओढायला लागला की तंगूस तुटायच्या आत चक्रीने थोडा थोडा सोडावा, यासाठी वरती एक पिळायची टोपी असते. माझं वाक्य अर्धवट असतानाच भाऊजी म्हणाले, "क्लच व्हय ना." विषय संपला. कॉम्बो आल्यावर त्यांनी रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा काढला, तंगुसाचं टोक काट्याला, काटा हॉलच्या दाराच्या कडीला, आणि स्वतः दांडा घेऊन देवघरापर्यंत मागे सरकले. तंगूस जेवढं वजन झेलतो त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या ताणावर ड्रॅग सुटला पाहिजे, हा हिशेब त्यांनी काट्यावर बरोबर जुळवला. सुटण्याचा आवाज कर्रर्र असा एकसारखा आला तर माल ठीक. मधेच अडकून झटका बसला तर परत पाठवायचा. स्वस्त चक्रीत हाच भाग सर्वांत आधी दगा देतो, म्हणून परत करायची मुदत संपायच्या आत ही परीक्षा घरातच उरकावी. परीक्षा चालू असताना शेजारचे काका पेपर मागायला आले. हॉलभर ताणलेल्या तंगुसाखालून वाकून आत शिरले, सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, "कितीले पडला?" ताई पोळ्या लाटत होती. भाऊजींनी चार बोटं दाखवली. काकांना ती चार हजार वाटली, ताईला चारशे. दोघंही आपापल्या जागी अस्वस्थ झाले.

दांड्यावरच्या कड्या तपासायला आपल्या तालुक्याइतकी सोय जगात कुठे नसेल. कड्यांच्या आत चिनी मातीचं गुळगुळीत वेटोळं बसवलेलं असतं. त्याला केसाएवढी चीर असली तरी तंगूस तिथे घासून घासून कापला जातो आणि दोष जातो माशाच्या ताकदीला. चीर डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा पेळू घ्यायचा आणि प्रत्येक कडीतून ओढायचा. धागा अडकला की चीर आहे. वरोऱ्यात दिवाळीनंतर कापूस आणायला दुकानात जावं लागत नाही, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून तो रस्ताभर सांडलेला असतो.

कॉम्बोबरोबर फुकट आलेला तंगूस मात्र फेकावा, किंवा ताईला दोडक्याचा वेल चढवायला द्यावा. तो वर्षानुवर्षं रिळावर बसून वेटोळ्याच्या सवयीचा झालेला असतो आणि पाण्यात गेला तरी वेटोळंच घालतो. जाळी-दोरीच्या दुकानातून तीस-पस्तीस शतांश मिलिमीटर जाडीचा नवा घ्यावा आणि रिळाच्या काठापासून दोन मिलिमीटर खाली येईपर्यंतच भरावा. काठोकाठ भरला तर पहिल्याच फेकीत सगळा एकदम बाहेर येतो, आणि तो गुंता सोडवताना माणसाच्या तोंडून जे निघतं ते पाळीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी ऐकण्यासारखं नसतं. गळ मागताना आणखी एक भानगड. नंबर वाढला की गळ लहान होतो. दहा नंबरचा इवलासा, चार नंबरचा मोठा, एक नंबरचा त्याहून मोठा, आणि त्याच्याही पुढे एकाशेजारी तिरपी रेघ मारून शून्य लावतात, तो राक्षस. दुकानदाराला हे माहीत असतं. गिऱ्हाइकाला माहीत नाही, हेही माहीत असतं.

या चक्रीचा जन्म सूतगिरणीतला आहे. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डकडच्या कापडधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. रीळ गरगर फिरवण्यापेक्षा त्याला स्थिर ठेवून धागा टोकाकडून उलगडू द्यायचा, बॉबिनवरून सूत सुटतं तसा. आज दीड हजारात मिळते ती चक्री अजून याच युक्तीवर चालते. दुसरा प्रकार बंद तोंडाचा, बटण दाबून फेकायचा, लहान मुलांसाठी आणि ज्यांना गुंता सोडवायचा कंटाळा आहे अशा मोठ्यांसाठी. त्याचं घराणं जास्त रंगतदार. अमेरिकेतल्या टल्सा गावी 'झीरो अवर बॉम्ब कंपनी' तेलविहिरींत उडवायचे बॉम्ब करत असे. आर. डी. हल नावाच्या गृहस्थाला किराणा दुकानात पुड्याला बांधायची सुतळी स्थिर गुंड्यावरून सरसर निघताना दिसली. त्याने तसली चक्री बनवली आणि बॉम्ब कंपनीच्या गळ्यात मारली. १९४९ साली त्या कारखान्यातून पहिली चक्री बाहेर पडली, पुढे बॉम्ब मागे पडले आणि नाव आखडून झेबको झालं. असं सांगतात की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना भेट पाठवलेल्या खोक्यावर बॉम्ब कंपनीचं नाव पाहून पहारेकऱ्यांनी ते पाण्यात बुडवलं. भाऊजींना ही कथा फार आवडली. आपल्याकडे भद्रावतीला आयुध निर्माणी आहे, तिथे जोडधंदा म्हणून असं काही काढता येईल का, यावर ते दोन दिवस बोलत होते.

दांड्याची गोष्ट मात्र थोडी दुखरी आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जो बांबू सर्वांत जास्त आहे, त्याला मानवेल म्हणतात. बारीक, बुडाशी जवळजवळ भरीव, वाकवला तर तक्रार न करता परत सरळ होणारा. एकोणिसाव्या शतकात 'कलकत्ता केन' या नावाने हिंदुस्थानातला बांबू जहाजाने विलायत-अमेरिकेत जाई. तिथले कारागीर तो उभा चिरून, पट्ट्या चिकटवून गळाचे उंची दांडे बनवत. तो कलकत्ता केन बहुतेक हाच, मानवेलीच्या जातीचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधल्या टोन्किन बांबूने त्याची सद्दी संपवली. मग आपल्या बांबूचा बल्लारपूरला कागद झाला, बुरडांनी सुपं-टोपल्या केल्या, तट्टे झाले. आणि आज वरोऱ्याचा माणूस कुरिअरने फायबरग्लासचा दांडा मागवतो, तोही चीनमधूनच येतो. एकाच माणसाकडून दोनदा हरल्यावर तक्रार तरी किती करायची?

फायबरग्लास जड असतो खरा, पण मार सोसतो. मोटरसायकलवरून पडला, म्हशीने पाय दिला, नातवाने त्याने चिंचा पाडल्या, तरी टिकतो. कार्बनचा दांडा हलका आणि दिसायला देखणा, पण त्यातून वीज वाहते. आपल्या जिल्ह्यात आकाशात ढग नसले तरी औष्णिक केंद्राच्या तारा असतात. त्या तारांखाली सात फुटी कार्बन उभा धरणं, किंवा मृगात गडगडायला लागल्यावरही तो हातात ठेवणं, यात शौर्य नाही. घडीचा दांडा दुकानदार पहिल्यांदा दाखवतो, कारण तो डिकीत मावतो. त्याचे जोड जितके जास्त, तितक्या मोडायच्या जागा जास्त. दोन तुकड्यांचा घ्यावा. बसमध्ये शेजाऱ्याच्या नाकाशी येतो, पण तेवढं चालतं.

इतकं सगळं जमवून भाऊजी चारगाव धरणाकडच्या एका तलावावर बसले, आणि अर्ध्या तासात मत्स्य सहकारी संस्थेचा माणूस आला. ढीवर, वयस्कर, कानात बिडी खोचलेली. "पावती फाडली का जी?" हे कॉम्बोच्या खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. इकडचे बहुतेक तलाव संस्थेने ठेक्याने घेतलेले असतात. रोहू, कटला, मृगळ तिथे देवाने टाकलेले नसतात, संस्थेने पैसे मोजून बोटुकली आणून सोडलेली असते. "चक्री भारी हाय तुमची," तो म्हणाला, "पण मासे आमचे हायेत." भाऊजींनी मुकाट पावती फाडली. मग त्याने शेजारी बसून खरी माहिती दिली. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ बुडाशी. तुम्ही कणकेचा गोळा बुडाशी ठेवून कटल्याची वाट बघत बसला आहात. रबरी बेडूक गवताच्या कडेकडेने ओढा, तिथे मरळ असते. त्याच्या स्वतःच्या हातात साधी काठी होती आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. आता हा साधेपणाचा महिमा सांगणार, अशी माझी खात्री झाली. त्याने चक्री हातात घेतली, चारदा फिरवली, दोनदा फेकून पाहिली. कितीले पडला, हे विचारलं. आणि म्हणाला, "मलेबी एक मागवून देजा. घरी सांगू नोका."

भाऊजींना आता वेगळीच भूक लागली आहे. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की गळाचं खरं शास्त्र मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाल्यांना येतं. पूर्व बंगालातून आलेली ही निर्वासित कुटुंबं साठच्या दशकापासून तिथे वसवली गेली, तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता. तो १९८२ साली झाला. मासा हा त्यांच्या घरी हौसेचा नाही, रोजचा विषय. मुंग्यांची अंडी, भाजलेला मसाला, आंबवलेला चारा असलं काहीबाही मिसळून ते माशासाठी जे जेवण रांधतात, त्याचा वास भाऊजींनी घरी आणला तेव्हा ताईने त्यांना ताटासकट अंगणात बसवलं. चारा हा कॉम्बोपेक्षा महत्त्वाचा, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना नाकाने पटलं.

ताडोब्याच्या तळ्यात टाकायची का, असंही त्यांनी एकदा विचारलं. तिथे मासे उदंड, आणि मगरीही. राष्ट्रीय उद्यानात गरी टाकणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मगरीले कोन पावती देते?" बफरच्या बाजूच्या तलावांवर पहाटे आणि संध्याकाळी बसू नये, हे मात्र ते स्वतःहून पाळतात. मासा लागण्याची तीच उत्तम वेळ असते, आणि वाघाचीही. पाण्याकडे तोंड आणि झुडपाकडे पाठ करून, श्वास रोखून, एका जागी तास-तासभर बसायचं, हे जंगलाच्या जिल्ह्यात फार विचार करून करावं लागतं.

आतापर्यंत भाऊजींच्या खात्यावर किरकोळ रोह्या, दोन मृगळ, एक कासव (सोडून दिलं) आणि आमच्याच गावच्या एका गृहस्थाची टोपी जमा आहे. आणि आता त्यांना मरळीसाठी वेगळा कॉम्बो पाहिजे. हा मध्यम ताकदीचा, तो भारी ताकदीचा. गवतातून ओढून काढायची म्हणजे दांडा ताठ लागतो, तंगुसाऐवजी विणलेली दोरी लागते. किंमत दोन हजारांच्या थोडी पुढे जाते. ताईला अजून पहिल्याचेच चारशे माहीत आहेत, तेव्हा दुसरा पहिल्यावर फ्री मिळाला असं सांगायचं ठरलं आहे. खोकं माझ्या घरी येईल, पैसे मी देईन, आणि रविवारी संध्याकाळी चहाला जाऊन मी कंपनीच्या ऑफरची मनापासून तारीफ करायची आहे.